डॉक्टरांसोबतचं शॅडोइंग: परवानगी कशी मिळवायची, नोंद कशी ठेवायची

बऱ्याच विद्यार्थ्यांचं शॅडोइंग उलट्या क्रमाने होतं. आधी ओळखीचे डॉक्टर शोधायचे. ते म्हणतात, "ये सोमवारपासून." सोमवारी जायचं. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधलं कुणीतरी विचारतं, "तुम्ही कोण? कागद कुठे आहेत?" आणि विद्यार्थी घरी परततो. काही जणांना कुणीच अडवत नाही, त्यांचे पंधरा दिवस मजेत जातात. दीड वर्षाने अमेरिका किंवा ब्रिटनमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज भरायला बसल्यावर मात्र किती तास झाले ते आठवत नाही, डॉक्टरांचा नंबर बदललेला असतो आणि डोक्यात उरलेलं असतं एवढंच: "खूप शिकायला मिळालं."

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि शक्यतो क्रमानेच करा. शॅडोइंग म्हणजे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा दंतवैद्य काम करत असताना सोबत राहून ते बघणं. पेशंटला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, केसपेपरवर काही लिहायचं नाही. जिथे हात लावावा लागतो ते काम वेगळं, त्याचे नियम वेगळे आणि अर्जातला रकानाही वेगळा.

## १. आधी लसीचं कार्ड शोधा

डॉक्टर शोधण्याच्याही आधी हे करायचं, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. वॉर्डात किंवा ओपीडीत बसणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे बहुतेक मोठी हॉस्पिटलं लसीकरणाचा पुरावा मागतात. साधारण यादी अशी असते: हेपटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, त्या हंगामाची फ्लूची लस आणि टीबीची तपासणी.

हेपटायटिस बीचा एकही डोस झालेला नसेल तर नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं आहे. म्हणजे आज सुरुवात केली तरी तिसरा डोस अर्ध्या वर्षाने. लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी करतात. अँटीबॉडी दर मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा जास्त असतील तर संरक्षण आहे असं धरतात. काही संस्था दोन डोस झालेल्यांना आत घेतात, काही नाही. तुमच्या संस्थेचं काय ते विचारावंच लागेल.

टीबीच्या त्वचा-चाचणीत पोरं हटकून चुकतात. हातावर इंजेक्शन दिल्यावर ४८ ते ७२ तासांत ती जागा प्रशिक्षित माणसाने मोजावी लागते. शुक्रवारी टोचून घेतलं, रविवारी दवाखाना बंद, सोमवार उजाडेपर्यंत ७२ तासांची मुदत संपत आलेली, आणि उशीर झाला की चाचणी पुन्हा. सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घ्या. रक्तावरची चाचणी चालत असेल तर एकाच फेरीत काम होतं.

*सावधान:* गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या घेतल्यावर काही आठवडे टीबीची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून चाचणी लसीच्या दिवशीच करायची किंवा निदान चार आठवडे थांबून करायची. लस आज आणि चाचणी पुढच्या आठवड्यात, हा क्रम चुकीचा.

सगळे कागद स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये ठेवा. "आईकडे कुठेतरी कार्ड आहे" या उत्तराने कुठलंही ऑफिस पुढे सरकत नाही.

## २. काय बघायचं ते ठरवा

इथे फार वेळ घालवू नका, पण हा टप्पा वगळूही नका. तुम्ही जो अर्ज शेवटी भरणार आहात तो आजच उघडून बघा. त्यात तास विचारलेत का, तारखा विचारलेत का, संपर्कासाठी व्यक्ती विचारली आहे का, किती अक्षरांत लिहायचं आहे? नोंदवहीचे रकाने त्या फॉर्मवरूनच ठरतात.

मग विषय. सगळ्यांना ऑपरेशन थिएटर बघायचं असतं. माझं प्रामाणिक मत: नवख्याला तिथे हिरवी-निळी कापडं आणि सर्जनची पाठ याखेरीज फारसं दिसत नाही. डॉक्टरकीतला मोठा भाग बोलण्यात, ऐकण्यात आणि अर्धवट माहितीवर निर्णय घेण्यात जातो, आणि तो ओपीडीत दिसतो. त्यामुळे सामान्य आजारांचे डॉक्टर, फॅमिली फिजिशियन किंवा मेडिसिनची ओपीडी इथून सुरुवात करा. ओटी नंतर.

आणखी एक. दहा डॉक्टरांकडे एकेक दिवस जाण्यापेक्षा एकाच डॉक्टरकडे ठरलेल्या वारी सलग काही आठवडे जाणं जास्त उपयोगी पडतं. पहिल्या आठवड्यात ज्याला गोळी सुरू केली तो तिसऱ्या आठवड्यात परत येतो, तेव्हा तुम्ही तिथे असता. पाठपुरावा म्हणजे काय ते तेव्हाच कळतं.

## ३. विचारणा

सुरुवात आधी ओळख असलेल्यांपासून करा: तुमचे स्वतःचे डॉक्टर, शिक्षकांचे जुने विद्यार्थी, जिथे तुम्ही आधीपासून स्वयंसेवक म्हणून जाता तिथले डॉक्टर. अनोळखी डॉक्टरांना लिहायचं असेल तर त्यांच्या खासगी फोनवर नको, कामाच्या ईमेलवर किंवा रिसेप्शनमार्फत लिहा. आईबाबांनी तुमच्या वतीने फोन करू नये. ओळख त्यांची असली तरी विचारायचं तुम्हीच.

संदेश छोटा हवा आणि "हो" म्हणणं सोपं जाईल असा हवा. उदाहरणार्थ:

> आदरणीय डॉक्टर, नमस्कार.
> मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करायचा विचार आहे. त्याआधी रोजची ओपीडी कशी चालते ते बघायचं आहे. आपल्या सोयीने सलग चार मंगळवारी, सकाळी ९ ते १२, मला आपल्यासोबत बसता येईल का?
> मी फक्त बघेन. पेशंटची हरकत असेल तेव्हा बाहेर थांबेन. लसींचे आणि टीबी तपासणीचे कागद तयार आहेत. हॉस्पिटलची परवानगी लागत असेल तर कोणाला भेटावं एवढं कळवावं, पुढचं मी करेन. जमणार नसेल तर तेही निःसंकोच कळवावं.

यात काय आहे ते नीट बघा. वार, वेळ आणि आठवडे ठरलेले आहेत. "कधीही चालेल" असं लिहिलं तर वेळ शोधायचं काम डॉक्टरांवर येऊन पडतं, आणि ते काम कायम उद्यावर जातं. आत्मचरित्र नाही. "लहानपणापासून माझं स्वप्न" नाही. नकार देणंही सोपं करून ठेवलं आहे, म्हणून उत्तर येण्याची शक्यता वाढते.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दोन ओळींची, आधीच्याच ईमेलखाली. त्यानंतरही शांतता असेल तर दुसरीकडे वळा. राग धरू नका. त्यांच्या इनबॉक्समध्ये तुमच्या आधी रिपोर्ट असतात.

## ४. तीन होकार

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पहिला होकार डॉक्टरांचा. तो मिळाला की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं.

दुसरा होकार संस्थेचा, आणि तो लेखी. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये नोकरीला किंवा मानद म्हणून असतील तर बाहेरच्या माणसाला पेशंटपाशी नेण्याचा अधिकार बहुधा त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. ठिकाणाप्रमाणे हे काम वैद्यकीय शिक्षण विभाग, एचआर, स्वयंसेवक विभाग किंवा अधीक्षकांचं ऑफिस बघतं. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "इथे निरीक्षक म्हणून यायला कोणाची सही लागते?" त्यांनाही ठाऊक नसेल तर रिसेप्शनवरून सुरुवात करा. दवाखाना डॉक्टरांचा स्वतःचा असेल तरी त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल घ्या.

पत्रात एवढं आलं पाहिजे: तुमचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात, कोणाच्या देखरेखीखाली, आणि "फक्त निरीक्षण" हे शब्द. विभागाचं नाव महत्त्वाचं. मेडिसिनच्या पत्रावर ओटीत शिरता येत नाही, डॉक्टर स्वतः "चल" म्हणाले तरी.

सोबत गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागेल. तो वाचून सही करा. फोटो, सोशल मीडिया आणि नोंदी बाहेर नेण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते खास बघा. काही संस्था लेखी नोंदी आवाराबाहेर न्यायला पूर्ण बंदी घालतात. तसं असेल तर सातव्या टप्प्यातली निरीक्षणांची वही तुम्हाला ठेवता येणार नाही, किंवा त्यांना दाखवून ठेवावी लागेल. अपघात झाला तर विमा कोणाचा, हेही इथेच विचारून घ्या. वय १८ च्या आत असेल तर पालकांची सही लागते, आणि अनेक ठिकाणी काही विभाग तुमच्यासाठी बंदच असतात.

तिसरा होकार पेशंटचा, प्रत्येक वेळी नव्याने. तो डॉक्टरांनी मागायचा असतो, शक्यतो तुम्ही खोलीत शिरण्याआधी. पेशंट तपासणीच्या टेबलावर असताना आणि तुम्ही समोर उभे असताना "हा विद्यार्थी थांबला तर चालेल ना?" असं विचारलं तर नाही म्हणायची त्याची हिंमत होत नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना नम्रपणे सांगा: "मी बाहेर थांबतो, आपण विचारून मला बोलवा."

तुमची ओळख "विद्यार्थी" अशीच व्हायला हवी. कुणी चुकून "छोटे डॉक्टर" म्हटलं तर लगेच दुरुस्त करा. गळ्यात स्टेथोस्कोप नको. नाजूक जागेची तपासणी, कठीण बातमी, घरगुती हिंसेचा संशय, रडणारं माणूस, अशा वेळी कुणी सांगायची वाट न बघता बाहेर या. शंका आली की बाहेर.

*तपासा:* पहिल्या दिवसाआधी तुमच्या हातात (१) संस्थेचं लेखी पत्र, (२) सही केलेला करार आणि त्याची प्रत, (३) ओळखपत्र किंवा ते कुठून घ्यायचं याची माहिती, हे तिन्ही आहेत का? एक जरी नसेल तर पहिला दिवस पुढे ढकला.

## ५. आदल्या रात्री

नखं कापा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, केस बांधता येतील असे ठेवा. पुढून बंद असलेले बूट, कोपरापर्यंत बाह्या, परफ्यूम नाही. खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन. फोन बंद करून बॅगेत.

ताप, खोकला, जुलाब असेल तर जाऊ नका. "एक दिवस बुडेल" ही काळजी तुमची; तिथल्या पेशंटची प्रतिकारशक्ती त्याहून मोठी गोष्ट आहे. सकाळी लवकर कळवा, तेही ऑफिस आणि डॉक्टर दोघांना.

सकाळचं खाणं चुकवू नका. का, ते पुढे येतंय.

## ६. त्या दिवशी

हात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: पेशंटला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यानंतर, पेशंटला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. तुम्ही पेशंटला हात लावणार नाही, पण पलंगाचा कठडा, पडदा, टेबल यांना लागतोच. म्हणून खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक वेळी हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण). हँडरब २० ते ३० सेकंद चोळायचा, साबण-पाण्याने धुतलं तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहतात.

उभं कुठे राहायचं? दार, सिंक आणि सिस्टरांची ट्रॉली यांच्या वाटेत नाही. पेशंट आणि डॉक्टर यांच्या नजरेच्या रेषेत नाही. पेशंटचा चेहरा दिसेल आणि तुम्ही त्याला सारखे दिसणार नाही, अशी जागा पहिल्या दहा मिनिटांत सापडते.

प्रश्न पेशंटसमोर विचारू नका. "याला कॅन्सर असू शकतो का?" हा तुमच्यासाठी अभ्यासाचा प्रश्न असेल, त्याच्यासाठी नाही. वहीत एक शब्द टिपा आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात विचारा. ओपीडी उशिरा चालली असेल तर दिवसाच्या शेवटी. उत्तर पुस्तकात सापडण्यासारखं असेल तर विचारूच नका, "तुम्ही त्यांना आज गोळी का बदलून दिली नाही?" असे प्रश्न विचारा, त्यांची उत्तरं फक्त तिथेच मिळतात.

ओटीत असाल तर: निर्जंतुक कापड किंवा टेबलापासून निदान ३० सेंटीमीटर लांब राहा, आणि दोन निर्जंतुक टेबलांच्या मधून कधीच जाऊ नका. पाठ तिकडे करून जवळून सरकायचं नाही. तोंड तिकडे ठेवूनच जा. चुकून स्पर्श झाला तर ताबडतोब मोठ्याने सांगा. ओरडा बसेल, बसू दे. लपवलेला स्पर्श पेशंटला महागात पडतो.

एक्स-रे किंवा सी-आर्म (ओटीत वापरतात ते फिरतं एक्स-रे मशीन) चालू असेल तर शिशाचा एप्रन घातल्याशिवाय आत थांबू नका, आणि मागे सरका. अंतर दुप्पट झालं की किरणांची मात्रा साधारण पाव होते. एमआरआयच्या खोलीत कुणी नेलं तर आधी खिसे रिकामे करा आणि तंत्रज्ञ सांगेपर्यंत उंबरा ओलांडू नका. मशीन स्कॅन करत नसलं तरी चुंबक चालूच असतं.

चक्कर. येते. रक्त बघून येते, वासाने येते, तासभर एका जागी उभं राहून येते. रिकाम्या पोटी लवकर येते. गुडघे ताठ आवळून उभे राहू नका, पायाची बोटं हलवत राहा. गरम वाटणं, घाम, कानात घूं, नजरेपुढे कडेने अंधार, ही सूचना आहे. त्या क्षणी "मला बसावं लागेल" म्हणा आणि निर्जंतुक भागापासून दूर भिंतीला टेकून जमिनीवर बसा. "थोडं सहन करू" म्हणणारेच कोसळतात, आणि मग एक पेशंट वाढतो. यात लाज काही नाही. खोलीतल्या निम्म्या लोकांकडे स्वतःचा तसा किस्सा असतो.

सुई टोचली किंवा डोळ्यात काही उडालं तर: जखम साबण-पाण्याने धुवा, ती पिळू नका, डोळा भरपूर पाण्याने धुवा, आणि लगेच देखरेखीच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते काही तासांत सुरू होणं चांगलं आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावंच लागतं. "उद्या सांगतो" ही सवलत इथे नाही.

"जरा हे धर", "ये, टाका घालून बघ" असं कुणी म्हटलं तर? प्रेमाने म्हटलेलं असतं, म्हणूनच अवघड जातं. एक वाक्य तयार ठेवा: "सर, माझ्या पत्रात फक्त निरीक्षण आहे, मी इथूनच बघतो." प्रशिक्षण नसताना केलेलं काम अर्जात लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात धाडस दिसत नाही, पेशंटच्या जिवाशी केलेला खेळ दिसतो.

## ७. त्याच रात्री, दोन वह्या

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही. झोपायच्या आधी वीस मिनिटं द्या. दुसऱ्या दिवशी निम्मं पुसट होतं, आठवड्याने सगळे पेशंट एकमेकांत मिसळतात.

वह्या दोन का? एकाच पानावर तारीख, हॉस्पिटल, विभाग आणि पेशंटची हकिकत आली, की नाव न लिहिताही पेशंट ओळखता येतो. "१२ मार्च, अमुक हॉस्पिटल, हृदयविकार विभाग, जुळ्यांपैकी एक भाऊ" एवढं त्याच्या शेजाऱ्याला पुरे. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्यानुसार (यात पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचे नियम येतात) माहितीतून ओळख पुसायची एक पद्धत आहे. तिच्यात काढून टाकायच्या १८ गोष्टींची यादी आहे. नाव, फोन, फोटो तर त्यात आहेतच. शिवाय वर्ष सोडून बाकी तारीख, राज्यापेक्षा लहान भूभाग आणि ८९ वर्षांवरचं नेमकं वयही आहे. तुम्ही कुठल्याही देशात असा, मोजपट्टी म्हणून ही यादी वापरायला हरकत नाही.

पहिली वही तासांची. यात पेशंट अजिबात येत नाही. रकाने: तारीख, आत कधी, बाहेर कधी, सुट्टी, निव्वळ तास, ठिकाण, विभाग, कोणासोबत, प्रत्यक्ष की ऑनलाइन. एक ओळ अशी दिसेल:

> १२ मार्च · ८:१५ ते १२:४५ आणि १:३० ते ४:०० · ७ तास · मेडिसिन ओपीडी · डॉक्टरांचं नाव, पद, कामाचा ईमेल · प्रत्यक्ष

वेळ तिथेच टिपा, घरी येऊन अंदाजाने नाही. जेवणाची सुट्टी वजा. येण्याजाण्याचा वेळ धरायचा नाही. डॉक्टर यायच्या आधी तुम्ही कॉरिडॉरमध्ये बसलात तो वेळही माझ्या मते नाही, पण नियम कुठलाही ठेवा, शेवटपर्यंत एकच ठेवा. एका ठिकाणी "साधारण ८" आणि दुसरीकडे "६:४०" असं दिसलं की सगळ्याच आकड्यांवर शंका येते. आकडा गोल करायचा असेल तर पाव तासावर करा, आणि खालच्या बाजूला.

दुसरी वही निरीक्षणांची. यात तारीख नाही, ठिकाण नाही, नाव नाही. वय "सत्तरीतल्या", व्यवसाय "उभ्याने काम करणारे" इतपत. आजार फार दुर्मीळ असेल तर त्याचंही नाव टाळा. ही वही क्लाउडवर सर्वांना दिसेल अशा फोल्डरमध्ये नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच.

आणि लिहायचं काय? बहुतेक वह्यांमध्ये असं असतं:

> आज मधुमेहाचे पेशंट बघितले. डॉक्टर खूप छान समजावून सांगतात. खूप शिकायला मिळालं.

यातून पुढे काहीही निघत नाही. तोच प्रसंग असाही लिहिता येतो:

> साठीतल्या बाईंना इन्सुलिन सुरू करायचं होतं. डोस सांगण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "घरी इंजेक्शन कोण देणार?" त्या गप्प. मग म्हणाल्या, सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत. डॉक्टरांनी फिरवून डोस लावायचं इन्सुलिनचं पेन दिलं आणि सिस्टरांनी त्यांच्याकडून चार वेळा फिरवून घेतलं. मला वाटलं होतं अडचण सुईच्या भीतीची आहे. तपासणीला आठ मिनिटं, त्यातली पाच या पेनवर.

फरक कुठे पडला? एक प्रसंग, एक नेमकं वाक्य, तुमचा चुकलेला अंदाज. रोज तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली तरी पुरे. माझा कुठला अंदाज चुकला? डॉक्टरांनी कुठे वेळ घालवला आणि का? डॉक्टरांखेरीज कोणाच्या कामामुळे हे पार पडलं? तिसरा प्रश्न विद्यार्थी विसरतात. सिस्टर, फार्मासिस्ट, आयाबाई यांचं काम ज्याच्या वहीत नाही, त्याने खोलीतलं अर्धंच बघितलेलं असतं.

कंटाळवाणे दिवसही लिहा. तीन तास फक्त विम्याचे फॉर्म भरणारे डॉक्टर बघितले असतील तर तेच लिहा. मुलाखतीत "या पेशातलं तुम्हाला काय आवडलं नाही?" असं विचारलं तर तेच पान कामी येतं.

*तपासा:* दुसऱ्या वहीतलं कुठलंही पान त्या पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात पडलं तर "हे आमच्याबद्दल आहे" असं त्यांना वाटेल का? वाटणार असेल तर आणखी पुसा.

## ८. महिन्याची जुळवणी

महिन्यातून एकदा तासांची बेरीज करा आणि ती वही देखरेखीच्या डॉक्टरांना दाखवून सही घ्या किंवा ईमेलवर "बरोबर आहे" असं उत्तर घ्या. वर्षाअखेरीस एकदम साठ तासांवर सही मागितली तर त्यांना काय आठवणार? चांगले डॉक्टर अशा वेळी सही करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

शॅडोइंग, स्वयंसेवा आणि पगारी काम यांचे तास वेगवेगळे ठेवा. सकाळी स्वयंसेवक म्हणून व्हीलचेअर ढकलली आणि दुपारी डॉक्टरांसोबत बसलात तर दोन ओळी. एकच तास दोन रकान्यांत कधीच नाही. ऑनलाइन शॅडोइंग केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. ते प्रत्यक्षात मिसळू नका.

## ९. अर्जात उतरवताना

अमेरिकेतल्या एमडी (तिथली डॉक्टर होण्याची पहिली पदवी) अभ्यासक्रमांसाठीच्या अ‍ॅमकास अर्जात अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरं, आणि सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून निवडलेल्या तीनपर्यंत नोंदींना आणखी १३२५. मोकळ्या जागाही मोजल्या जातात. डॉक्टरांसोबतच्या निरीक्षणाचा प्रकार यादीत वेगळा आहे. चार डॉक्टर असतील तर चार नोंदी खर्च करू नका. एका नोंदीत एकत्र करा, प्रत्येकाचे तास मजकुरात द्या आणि ज्यांच्यासोबत जास्त वेळ गेला त्यांचं नाव संपर्कासाठी द्या. झालेले तास आणि पुढे होणार असलेले तास वेगळे लिहायचे असतात. न झालेले तास झालेल्यांत घालणं हा खोटेपणाच.

ब्रिटनच्या यूकास अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तिथे तासांचा तक्ता मांडायला जागा नाही. बघितलेल्यातून काय उमगलं तेवढंच मांडायचं.

मजकूर लिहायला बसताना दुसरी वही उघडा, आणि एकच प्रसंग निवडा. "मी ४५ तास शॅडोइंग केलं, विविध आजार पाहिले, संवादाचं महत्त्व कळलं" हे हजारो अर्जांत असतं. इन्सुलिनच्या पेनचा प्रसंग तुमच्याच अर्जात असेल. फॉर्म इंग्रजीत भरायचा असला तरी पहिला मसुदा मराठीत लिहून बघा. घोटीव वाक्यं आपोआप गळतात. पाठवण्याआधी पेशंटच्या ओळखीची तपासणी पुन्हा एकदा करा, कारण अर्जात हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव शेजारीच असतं. वहीत वेगळं ठेवलेलं इथे नकळत एकत्र येतं.

## १०. निघताना

शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत करा आणि परत केल्याची नोंद घ्या. तासांच्या अंतिम बेरजेवर सही. डॉक्टरांना थेट विचारा: "अर्जात संपर्कासाठी आपलं नाव आणि कामाचा ईमेल दिला तर चालेल का?" हो म्हणाले तरच द्या. आभाराची चिठ्ठी आठवडाभरात, तिच्यात त्यांच्यासोबत बघितलेली एक नेमकी गोष्ट. सिस्टरांना आणि ऑफिसमध्ये ज्यांनी कागद फिरवले त्यांनाही प्रत्यक्ष भेटून सांगा.

शिफारसपत्र त्याच दिवशी मागू नका. चार सकाळी कोपऱ्यात बसलेल्या मुलाबद्दल डॉक्टर काय लिहिणार? काही महिने नियमित गेला असाल तरच विचारा. विचारताना "माझ्याबद्दल लिहिता येईल एवढं आपण बघितलंय असं आपल्याला वाटतं का?" असं विचारा, आणि सोबत तासांची वही जोडा. दुसरी वही नाही.